शेडमधला गोंगाट: घुमणारा आवाज आणि शिरणारा आवाज

सोलापूरच्या पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत बंद पडलेल्या यंत्रमाग कारखान्याचं शेड भाड्याने घेणं तसं फायद्याचं असतं. मध्ये खांब नाहीत, उंची भरपूर, समोर गाड्या लावायला जागा आणि भाडं बाजारपेठेतल्या गाळ्यापेक्षा कमी. म्हणून कुणी तिथे एमपीएससीची अभ्यासिका काढतं, कुणी जिम, कुणी नृत्याचा क्लास, कुणी छोट्या कार्यक्रमांचा हॉल. रंग होतो, दिवे लागतात, उद्घाटनाचा नारळ फुटतो. मग माइक सुरू होतो आणि कळतं की तिसऱ्या रांगेच्या मागे एक शब्द पोचत नाही.

यावर साधारण एकच उपाय सुचवला जातो: ‘साउंडप्रूफिंग करून घ्या.’ हा शब्द ऐकला की मी आधी विचारतो, त्रास नेमका कोणता आहे? आतला आवाज आतच घुमतोय, की बाहेरचा आत शिरतोय? (जिमवाल्याचा प्रश्न उलटा असतो, आतला बाहेर जातोय.) या दोन गोष्टींमागचं शास्त्र वेगळं, सामान वेगळं आणि खर्चही वेगळा. घुमणं कमी करायला मऊ, सच्छिद्र, हलकं सामान लागतं. आवाज अडवायला जड आणि फट नसलेलं सामान लागतं. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. भिंतीभर स्पंज चिकटवूनही शेजारच्या मागाचा खडखडाट तसाच ऐकू येतो तो यामुळेच.

आवाज का घुमतो

यंत्रमागाचं शेड बांधताना तिथे कुणी कुणाचं ऐकावं ही अपेक्षाच नव्हती. धोट्याचे (आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडे फेकणारे) माग चालू असलेल्या शेडमध्ये आवाजाची पातळी ९० ते १०० डेसिबलच्या घरात असते. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबल ही मर्यादा आहे, म्हणजे कामगार रोज त्या रेषेवर किंवा तिच्या वर असतो. बोलणं हातवाऱ्यांनी आणि ओठ वाचून चालतं. अशा जागेला कोबा किंवा शहाबादी फरशी, सिमेंटचा गिलावा आणि वर पत्रा एवढं पुरे होतं.

हे तिन्ही पृष्ठभाग आवाजाला जवळजवळ जसाच्या तसा परत पाठवतात. गिलाव्याची भिंत एका धडकेत आवाजाच्या ऊर्जेतला दोन-तीन टक्के भाग शोषते. बाकीचा सगळा परत फिरतो, समोरच्या भिंतीवर आदळतो, तिथून छताला, छतावरून फरशीला. घरात हेच होतं, पण तिथे गाद्या, पडदे, कपाटातले कपडे, माणसं असतात आणि भिंती जवळ असतात. शेडमध्ये दोन धडकांमधलं अंतर मोठं आणि शोषणारं काहीच नाही.

याचा हिशोब पहिल्यांदा मांडला वॉलेस सबाइन या अमेरिकी प्राध्यापकाने. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेलं कळत नव्हतं, ते दुरुस्त करण्याचं काम या तरुण माणसाकडे आलं. उपकरणं म्हणजे ऑर्गनची एक नळी, एक घड्याळ आणि स्वतःचे कान. जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या तो रात्री उचलून आणायचा, काही गाद्या मांडून नळी वाजवायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा. रिकाम्या खोलीत हा वेळ साडेपाच सेकंदांच्या आसपास होता. गाद्या वाढतील तसा तो घटत गेला. त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरतात: जागेचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, ०.१६ ने गुणा, आणि आतल्या एकूण शोषणाने (पृष्ठभागाचं क्षेत्रफळ गुणिले त्याने शोषलेला हिस्सा, म्हणून तेही चौरस मीटरमध्ये) भागा. उत्तर येतं ते आवाज ६० डेसिबलने खाली यायला लागणारे सेकंद.

आपल्याकडचं एक शेड घेऊ. ६० फूट लांब, ४० फूट रुंद, २० फूट उंच. म्हणजे अंदाजे १८ गुणिले १२ गुणिले ६ मीटर, घनफळ जवळपास १,३०० घनमीटर. फरशी, भिंती, छत मिळून ७९० चौरस मीटर पृष्ठभाग. सरासरी शोषण चार टक्के धरलं तर एकूण शोषण ३२ चौरस मीटर भरतं. भागाकार करा: साडेसहा सेकंद. टाळी वाजवली की साडेसहा सेकंद ती हवेत तरंगत राहते.

आता शिकवणाऱ्याची गंमत बघा. माणूस सेकंदाला चार-पाच अक्षरं बोलतो. पहिल्या अक्षराचा स्वर अजून घुमत असताना पुढची वीस-पंचवीस अक्षरं तोंडातून निघून गेलेली असतात. स्वर लांब आणि जोरकस असतात, व्यंजनं क्षणभराची आणि नाजूक, त्यामुळे आधीच्या स्वरांच्या शेपटाखाली व्यंजनं गाडली जातात. ‘काम’, ‘दाम’, ‘घाम’ हे तिन्ही शब्द मागच्या बाकावर ‘आम’ होऊन पोचतात. इथे माइकचा आवाज वाढवला तर शेपूटही तेवढंच मोठं होतं. स्पीकरवर खर्च करून फसलेले क्लास यासाठीच फसतात.

आणखी एक गोष्ट गोंगाट वाढवते. आजूबाजूला आवाज असला की माणूस नकळत मोठ्याने बोलतो. एत्येन लोम्बार या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये ही सवय नोंदवली. हॉलमध्ये वीस टेबलं असली की प्रत्येक टेबल शेजारच्यावर मात करायला आवाज चढवतं आणि तासाभरात सगळे ओरडत असतात. जेवणाच्या पंगतीत हे खपून जातं, अभ्यासिकेत नाही.

कुठे आणि काय लावायचं

माझं मत स्पष्ट आहे: शेडमध्ये पहिला पैसा छतावर घालावा. भिंतींवर खिडक्या, लिहायचे फळे, कपाटं, आरसे येतात, खालचा सहा-सात फुटांचा भाग माणसांच्या हाताला आणि खुर्च्यांच्या पाठीला लागून खराब होतो. छत मोकळं असतं, मोठं असतं, आणि लोखंडी कैच्या (छत पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटी) आयत्या असतात. त्या कैच्यांना दोन इंच जाडीचे रॉक वूल किंवा ग्लास वूलचे (दगडाच्या किंवा काचेच्या तंतूंच्या गादीचे) पट्टे उभे टांगायचे. घनता घनमीटरला ४८ किलो, वर काळं टिश्यू किंवा सैल विणीचं कापड. उभा टांगला की दोन्ही बाजूंनी आवाज आत शिरतो, म्हणजे तेवढ्याच मालात काम जास्त. चार फूट बाय दोन फुटांचा एक पट्टा चौकटीसकट तीन-चार किलोचा होतो, फॅब्रिकेटर दिवसभरात बरेच टांगू शकतो.

वरच्या शेडमध्ये असे सव्वाशे पट्टे टांगले तर शोषण ३२ वरून १६० चौरस मीटरच्या आसपास जातं आणि साडेसहा सेकंदांचे १.३ सेकंद होतात. साठ विद्यार्थी येऊन बसले की आणखी उतरतं, कारण अंगावरच्या कपड्यांसकट एक माणूस अर्ध्या चौरस मीटरच्या जवळपास शोषण देतो. एवढ्या मोठ्या जागेत बोलणं नीट कळायला सेकंदाच्या आसपास आलं तरी पुरेसं आहे. लहान वर्गखोलीत ०.६ ते ०.८ सेकंद धरतात.

गोंगाटाची पातळी मात्र या सगळ्या खटाटोपात ७ डेसिबलने उतरते, जास्त नाही. शोषण दुप्पट केलं की ३ डेसिबल, पुन्हा दुप्पट केलं की आणखी ३, असा हा हिशोब आहे. रिकाम्या शेडमध्ये ३२ चं ६४ करायला तीसेक पट्टे लागतात, पण १६० चं ३२० करायला दीडशेहून अधिक. म्हणून सुरुवातीच्या पट्ट्यांचा फरक कानाला लगेच जाणवतो, शेवटच्या पट्ट्यांचा फक्त बिलात जाणवतो. १० डेसिबल उतरले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो, हेही लक्षात असू द्या. लोम्बारच्या नियमाने लोकही हळू बोलू लागतात, त्यामुळे प्रत्यक्षात फायदा कागदापेक्षा थोडा अधिक मिळतो.

थर्मोकोल लावू नका. तो हलका आणि पांढरा दिसतो म्हणून लोकांना वाटतं आवाज पितो. त्याची छिद्रं बंद असतात, हवा आत-बाहेर जात नाही, म्हणून तो आवाज शोषतही नाही आणि वजन नसल्याने अडवतही नाही. अंड्याचे ट्रे त्याच पंक्तीतले. सच्छिद्र वस्तूची परीक्षा सोपी आहे: तोंडाला लावून फुंकून बघा, हवा थोडा अडथळा होऊन पलीकडे गेली पाहिजे.

मग आपल्या चादरी आणि टॉवेल? सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, पण भिंतीला सपाट ठोकलेली चादर ध्वनीच्या कामाची फारशी नाही. फक्त सर्वांत बारीक, तीक्ष्ण सूर थोडे बोथट होतात. त्याचं कारण असं की भिंतीला लागून हवेची हालचाल जवळजवळ शून्य असते, आणि कापड शोषतं ते हलणाऱ्या हवेची ऊर्जा. भिंतीपासून लहरीच्या पाव लांबीवर ही हालचाल सर्वाधिक असते. १,००० हर्ट्झच्या सुराला हे अंतर साडेआठ सेंटिमीटर, ५०० हर्ट्झला सतरा. म्हणून ५००-६०० जीएसएमचं (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचं) जाड कापड, दुप्पट रुंदीचं घेऊन चुण्या पाडून, भिंतीपासून वीतभर पुढे टांगलं तर चित्र बदलतं. बोलण्याच्या मधल्या सुरांत ते निम्म्याच्या आसपास ऊर्जा शोषतं. टेरीच्या विणीत सुताची वेटोळी वर आलेली असतात, हवेला शिरायला जागा असते, वजनही तेवढंच मिळतं. कारखान्यात नापास झालेला माल स्वस्तात मिळाला तर मागच्या भिंतीला असा पडदा लावायला हरकत नाही.

मागच्या भिंतीचं खास नाव घेतलं कारण तिथून येणारा आवाज सर्वांत उशिरा परततो. १८ मीटर लांब शेडमध्ये बोलणाऱ्याचा आवाज मागे जाऊन परत यायला सेकंदाचा दहावा भाग घेतो. वीसाव्या भागापेक्षा जास्त उशीर झाला की कान त्याला वेगळा आवाज समजू लागतो. छत गोलाकार पत्र्याचं असेल तर अजून एक उपद्रव: वाकलेला पत्रा आवाज एका पट्ट्यात गोळा करतो आणि त्या पट्ट्यात बसलेल्याला पलीकडच्या कोपऱ्यातली कुजबुज ऐकू येते. जुन्या गिरण्यांचं करवती छत याबाबतीत बरं. उत्तरेचा उजेड घ्यायला तिरपे केलेले ते पत्रे आवाजही इकडेतिकडे विखुरतात.

आता दोन इशारे, आणि हे मी सौम्य करून लिहिणार नाही. जुन्या शेडवरचा राखाडी, जाड, सिमेंटी पत्रा बहुधा ॲस्बेस्टॉसचा असतो. त्याला ड्रिल मारू नका, तो कापू नका, घासू नका. त्यातून उडणारे तंतू फुप्फुसात जाऊन बसतात आणि त्यांचे आजार वीस-तीस वर्षांनी वर येतात. जे टांगायचं ते लोखंडी कैचीला क्लॅम्प लावून टांगा. दुसरा इशारा आगीचा. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जणांचा जीव गेला, ते शहर विसरलेलं नाही. रॉक वूल आणि ग्लास वूल जळत नाहीत. पॉलियुरेथेनचा स्पंज झपाट्याने पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. टाकाऊ सुताचं (वेस्टचं) पॅडिंग आवाज छान शोषतं, पण आगप्रतिबंधक प्रक्रिया केल्याशिवाय ते शेडमध्ये आणू नये, आणि पडद्यांनाही तोच नियम. शेडला बाहेर पडायची दारं दोन हवीतच.

शिरणारा आवाज

आता शेजारी अजून माग चालू आहेत असं धरू. इथे लागतं वजन. साधा अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला चार किलोचा, तो २० डेसिबलच्या आसपास अडवतो. दोन्हीकडून गिलावा केलेली नऊ इंची विटांची भिंत ५० च्या घरात. वजन दुप्पट केलं की पाच-सहा डेसिबलची भर पडते.

पण भिंत कितीही जाड असो, फटीतून आवाज पाण्यासारखा येतो. गणित निर्दय आहे: एकूण क्षेत्रफळाचा शंभरावा भाग जरी उघडा राहिला, तर ५० डेसिबलची भिंत २० डेसिबलची होऊन बसते. शेडमध्ये शंभरावा भाग उघडा असणं ही तर नेहमीची गोष्ट. पत्रा भिंतीवर टेकतो तिथली नागमोडी पोकळी, शटरच्या खालची बोटभर फट, फुटलेली तावदानं, एक्झॉस्ट पंख्याचं भोक. म्हणून भिंत जाड करण्याआधी या फटी बुजवा. नागमोडी पोकळीला त्याच आकाराच्या फोमच्या पट्ट्या मिळतात, बाकी ठिकाणी सिमेंट किंवा सीलंट. शटरच्या आत रबरी पट्टी लावलेलं भरीव दार बसवलं तर शटर रात्रीपुरतं उरतं. पहिल्या महिन्याच्या भाड्याहून कमी खर्चात जो फरक पडतो तो इथेच.

आणि इथेच सोलापूरचा उन्हाळा आडवा येतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असताना पत्र्याचं शेड फटी बुजवून बंद केलं तर भट्टी होते. पुस्तकातला उपाय ‘सगळं सीलबंद करून एसी’ हा आहे, पण इतक्या घनफळाचं वीजबिल अभ्यासिकेच्या फीमधून निघत नाही. आपली हवा कोरडी असल्याने डक्ट कूलर चांगला चालतो, मात्र त्याला हवा बाहेर जायला वाट लागते आणि हवेची वाट म्हणजे आवाजाची वाट. तोडगा असा की हवेला सरळ भोकातून न नेता आतून ग्लास वूल लावलेल्या, दोन काटकोनी वळणं असलेल्या पेटीतून न्यायचं. हवा वळते, आवाज प्रत्येक वळणावर मऊ भिंतीला धडकून कमी होतो. पेटी मोठी ठेवा, नाहीतर हवाच शिट्टी मारते.

कूलर स्वतःही गोंगाट करतो. मोठा कूलर जवळून ६० डेसिबलच्या वर सहज जातो, आणि शिकवणाऱ्याचा आवाज मागच्या बाकावर बाकीच्या गोंगाटापेक्षा १५ डेसिबल वर असेल तरच शब्द नीट पोचतात. लहान कूलर पूर्ण वेगाने फिरवण्यापेक्षा मोठा घेऊन हळू फिरवावा. एखाद्या पंख्याचा वेग निम्मा केला की त्याचा आवाज १५ डेसिबलच्या आसपास उतरतो. हवा निम्मी मिळते, म्हणून आधीच मोठा पंखा घ्यायचा.

भिंत सामायिक असेल तर अजून एक परीक्षा करा. माग चालू असताना भिंतीला हात लावा. थरथर जाणवली तर आवाज हवेतून येण्याऐवजी जमिनीतून आणि विटांतून येतो आहे. अशा भिंतीला आतून काहीही चिकटवलं तरी तेही थरथरणार. तिच्यापासून दोन इंच सुटी चौकट उभी करून, मध्ये वूल भरून, वर जिप्समचे दोन थर लावावे लागतात. त्याआधी सर्वांत स्वस्त मार्ग मात्र शेजारी जाऊन बोलण्याचा आहे: ‘मालक, मागांच्या पायाखाली रबराचे पॅड टाकू का? खर्च माझा.’ थरथर जिथे जन्मते तिथे तोडणं हे कुठल्याही भिंतीपेक्षा परवडतं.

छताकडून येणारा आवाज अडवायला जिप्समचं दुहेरी छत करा असं कुणी म्हणालं तर आधी वजन काढा. चौरस मीटरला २० किलो धरले तरी वरच्या शेडसाठी चार टनांच्या पुढे जातं. त्या कैच्या पत्र्याचं वजन आणि वारा झेलायला बांधलेल्या असतात. स्ट्रक्चरल इंजिनिअरने बघितल्याशिवाय हे करू नये.

जिमवाल्यांसाठी एवढंच की बेस (गाण्यातले खालचे, जाड सूर) अडवणं अवघड आहे. ५० हर्ट्झच्या सुराची लहर सात मीटर लांब असते, दोन इंची वूल तिला दिसतसुद्धा नाही. सबवूफर फरशीवरून उचलून रबरावर ठेवा आणि आवाज कमी करा. डॉल्बीची सवय झालेल्या गावात हा सल्ला कुणाला आवडत नाही, पण दुसरा नाही. कायदाही बघा: २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, औद्योगिक भागात ७५ आणि ७०. खासगी जागेतल्या स्पीकरचा आवाज आपल्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये. पूर्व भागात घर आणि माग एका भिंतीला असतात, तेव्हा तुमचा परिसर कोणत्या वर्गात मोडतो ते आधी विचारून घ्या.

राहिला पाऊस. आपल्याकडे मोठा पाऊस सप्टेंबरचा. थेंब पत्र्याला ढोलासारखं वाजवतात, आणि खाली टांगलेले पट्टे त्यातला थोडाच भाग पितात. पत्रा बदलायची वेळ आलीच असेल तर नव्या पत्र्याच्या पोटाला लागून ग्लास वूलची गुंडाळी आणि तिला धरायला जाळी टाकून घ्या. पत्र्याची थरथर तिथेच दबते आणि उन्हाळ्यात उष्णताही कमी उतरते. पत्रा जुनाच ठेवायचा असेल तर जोरदार सरीपुरतं शिकवणं थांबवावं.

भाड्याच्या जागेत करार करताना एक कलम घालून घ्या: कैचीला टांगलेले पट्टे, पडदे आणि हवेच्या पेट्या भाडेकरूच्या, जागा सोडताना तो घेऊन जाईल. टांगलेलं सामान काढून पुढच्या शेडला लावता येतं. भिंतीला चिकटवलेलं सगळं मालकाचं होतं.